घरातले डबे, जिन्यातली तक्रार

नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका ताईंचं पत्र आहे. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीनं बांधलेल्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं स्वतःचं छोटं घर. पाच वर्षांपूर्वी मिस्टरांची नोकरी सुटली तेव्हा त्यांनी डबे सुरू केले. 6 डब्यांपासून सुरुवात झाली, आज 45 आहेत. पोळ्या लाटायला दोघीजणी पहाटे येतात. सोसायटीच्या गेटवर ‘घरगुती डबा मिळेल’ अशी छोटी पाटी आहे. समोरच्या इमारतीतली दोन नोकरदार मुलं रात्री घरी येऊनच जेवतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली आणि सोसायटीनं नोटीस दिली: रहिवासी सदनिकेतला व्यवसाय 15 दिवसांत बंद करा, नाहीतर दरमहा दंड लावू आणि महापालिका व सिडको दोन्हीकडे तक्रार करू. मिस्टर म्हणतात, बंद कर. एक एजंट म्हणतो, 60,000 रुपये द्या, घर कमर्शियल करून देतो. ताई विचारतात, ‘मी चोरी करत नाही. निम्मी इमारत घरात काही ना काही करते. मग मलाच नोटीस का? पैसे भरून परवानगी घेऊ की डबे बंद करू?’

ताई,

15 दिवसांतले किती गेले ते पत्रात नाही, म्हणून घाईचं आधी सांगते. नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही, तारीख घ्या. उत्तर लांबलचक नको. ‘नोटीस मिळाली, माझं म्हणणं समितीपुढे मांडायचं आहे, त्यासाठी वेळ द्यावा,’ एवढं पुरे. त्यात काकूंबद्दल एक अक्षरही नको आणि ‘बाकीचे पण करतात’ हे तर अजिबात नको. दंडाची भीती आज बाळगू नका. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दंडाची रीत ठरलेली आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचं म्हणणं ऐकून घेणं, मग सर्वसाधारण सभेचा ठराव. समितीनं परस्पर दरमहा आकडा लावायचा, असं त्यात नाही. आणि एजंटाला अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. त्याच्याकडे मी पुन्हा येते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पैसे भरून परवानगी की डबे बंद, अशा दोनच वाटा तुम्हाला दिसतात, कारण ‘राहत्या घरात धंदा म्हणजे बेकायदा’ हे तुम्ही मनातून मान्य करून टाकलंय. सोसायटीनं लिहिलं, मिस्टरांनी दुजोरा दिला, एजंटानं त्याच भीतीची किंमत सांगितली. पण नियम तसा नाही. मुंबई शहर सोडून राज्याच्या बहुतेक भागाला, त्यात ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनाही, डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू आहे. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. बोलण्यात सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. रहिवासी विभागात काय काय चालतं याची तिच्यात यादी आहे आणि त्या यादीत घरगुती व्यवसाय आहे. वकील, डॉक्टर यांच्या राहत्या जागेतल्या कामाला जशी त्यात जागा आहे, तशी घरातल्या माणसांनी घरात करायच्या शिवण, भरतकाम अशा कामांनाही आहे.

फक्त त्याला अटी आहेत. काम घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. इथे काही चालतं हे इमारतीच्या बाहेरून कळेल अशी पाटी किंवा मांडणी नको. घरात तयार झालेलीच वस्तू विकायची, बाहेरून आणून नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना धोका होईल असं काही नको. यंत्रं घरात एरवी वापरतात तशीच, आणि मोटर चालवायची तर विजेचा एकूण भार पाऊण किलोवॅटच्या आत. शिवाय लोकांनी येऊन खायचं-प्यायचं ठिकाण या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं आहे.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. दोघी लाटायला येतात, गेटवर पाटी आहे, दोन मुलं येऊन जेवतात. या तीन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात, काकूंबद्दल मात्र पानभर. मला वाटतं तुमची अडचण काकूंपेक्षा या तीन ओळींत जास्त आहे. 6 डबे होते तेव्हा तुम्ही या व्याख्येत बऱ्यापैकी बसत होतात. 45 पर्यंत जाताना कधीतरी एकेक पाऊल बाहेर पडलं आणि ते तुम्हाला कळलंही नाही, कारण प्रत्येक पाऊल गरजेचंच होतं. यात तुमची लबाडी नाही. पण उद्या महापालिकेचा माणूस आला तर तो याच तीन गोष्टी टिपून घेईल, म्हणून आपण त्याच्या आधी टिपू.

पाटी आजच काढा. 45 डब्यांची बाई पाटीवर चालत नाही, तिचं नाव तोंडोतोंडी फिरतं. मुलांना सांगा की उद्यापासून डबा घेऊन जा. वाईट वाटेल, तुमच्याकडे गरम पोळी मिळते म्हणून ती येतात. पण तुमच्या स्वयंपाकघराची ‘खानावळ’ होते ती त्या दोन ताटांमुळे.

मिक्सर उलटा करून बुडाशी चिकटवलेला कागद वाचा. 750 वॅट लिहिलेलं असेल तर पाऊण किलोवॅट तिथेच झाला. मिक्सर प्रत्येक घरात असतो, त्यावरून कुणी बोलणार नाही. पण तुम्ही कणीक मळायचं मोठं यंत्र घेतल्याचं लिहिलंय, ते घरगुती आहे हे पटवणं अवघड जाईल. काकूंच्या तक्रारीतली पहाटेची घरघर बहुधा त्याचीच असेल.

माझी आई ठाण्याला चरईत फॉल-पिकोचं काम करायची. खालच्या आजोबांना दुपारी झोप लागायची नाही, त्यांनी एकदाच येऊन सांगितलं. आईनं जुन्या गोधडीच्या चौपदरी घड्या करून मशीनच्या चारी पायांखाली सारल्या आणि दुपारी दोन ते चार मशीनवर कापड टाकून ठेवायला लागली. आजोबा पुन्हा कधी वर आले नाहीत. नंतर त्यांची सून आईकडे साड्या द्यायला लागली. त्या वेळी नियमावली कुणी वाचली नव्हती. पण आज तुमच्यासाठी ती वाचताना जाणवलं की तिच्यात जे लिहिलंय ते आईनं गोधडीनं केलं होतं. घरात कमावता की नाही हे तिथे विचारलेलं नाही. तुमच्या कामातलं किती घराबाहेर येतं, हे विचारलंय.

सगळ्यात कठीण आहे त्या दोघींचं. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणणं म्हणजे तुमचा पेच त्यांच्या गळ्यात घालणं. तुम्ही पत्रात लिहिलंय की एकीचं घर त्याच पैशांवर चालतं. म्हणून यावर मी जरा जास्त विचार केला.

एक उपाय असा की पोळ्या त्यांनी त्यांच्या घरी कराव्यात. कणीक त्यांची, गॅस त्यांचा, हिशेब पोळीमागे. आज तुम्ही त्यांना महिना देता, त्याऐवजी त्या तुम्हाला पोळ्या पुरवतील. मग त्या तुमच्याकडे नोकर नाहीत, त्यांचा त्यांचा घरगुती व्यवसाय आहे. दर ठरवताना मात्र गॅस, तेल, मेहनत सगळं धरून त्यांच्या हातात आजच्यापेक्षा कमी पडणार नाही असं बघा, आणि अन्न विकण्यासाठीची सरकारी (एफएसएसएआय) नोंदणी त्यांनाही करावी लागेल. इथे ‘घरात तयार झालेलीच वस्तू विकायची’ ही अट आडवी येऊ शकते, कारण पोळ्या तुमच्या घरच्या नसतील. म्हणून तुम्ही भाजी-वरण-भात द्यायचा, पोळ्यांचे पैसे थेट त्यांच्याकडे, अशी विभागणी अधिक सरळ राहील. गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, दोन पिशव्या एका जागी मिळाल्या की झालं.

दुसरा उपाय, डबे कमी करा. कुटुंबातल्या दोन-तीन माणसांनी पहाटे पाच ते आठ यात किती डबे होतात? तुमचे मिस्टर सध्या घरी आहेत. ते भाज्या चिरतात का, डबे भरतात का, हे पत्रात कुठेच नाही. ‘बंद कर’ म्हणणाऱ्यानं आधी आठवडाभर लाटणं हातात घेऊन बघावं, असं मी त्यांना हक्कानं सांगते. 20-22 डबे तुम्ही दोघं मिळून करू शकाल, आणि मग पगारी माणसाची अट तरी मोडत नाही.

तिसरा उपाय ज्यांचं काम खरंच वाढलंय त्यांच्यासाठी: स्वयंपाक बाहेर न्या. अख्खा गाळा नेरूळमध्ये भाड्यानं घेणं 45 डब्यांना परवडणार नाही, हे मलाही कळतं. पण एखाद्या केटररचं किंवा पोळी-भाजी केंद्राचं स्वयंपाकघर पहाटे चार ते आठ रिकामं असतं. ते चार तास भाड्यानं मिळतात का, विचारून बघा. तिथे त्या दोघी राजरोस कामाला येऊ शकतात, मोठं यंत्रही चालेल आणि धंद्याचा निळा 19 किलोचा सिलिंडर तिथेच असेल.

सिलिंडरचा विषय निघालाच आहे. घरगुती लाल 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही. घरगुती पाइप गॅसचंही तसंच, तो घरच्या वापरासाठी दिलेला असतो. 45 डब्यांना महिन्याला किती सिलिंडर लागतात आणि ते कुठून येतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला काळजी वाटते ती तिथेच. जिन्यात भरलेला सिलिंडर ठेवत असाल तर हे वाचून झाल्यावर आधी तो हलवा. एकच जिना, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं. या एका बाबतीत सोसायटी शंभर टक्के बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूनं आहे.

आता तो एजंट. 60,000 रुपयांत तो नेमकं काय करणार, हे त्याला कागदावर लिहून मागा. 1966 च्या नगररचना कायद्यात इमारतीच्या वापरातला लक्षणीय बदल हासुद्धा ‘विकास’ धरला आहे, आणि त्यासाठी कलम 44 खाली महापालिकेच्या नगररचना विभागाकडे अर्ज करावा लागतो. नवी मुंबईत त्याच्या जोडीला सिडको आहे, कारण घर तुमचं असलं तरी खालची जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे आणि तिचा वापर कशासाठी हे त्या करारात लिहिलेलं असतं. महापालिका नियोजन बघते, सिडको जमिनीचा मालक म्हणून बघते. एका दारातून मिळालेला होकार दुसऱ्या दारात चालत नाही. ठाण्यात हा सिडकोचा भाग नाही, तिथे महापालिका आणि सोसायटी एवढंच. पण दोन्ही शहरांत, एकाच जिन्याच्या रहिवासी इमारतीत वरच्या मजल्यावरची एकच सदनिका व्यापारी होणं फार अवघड आहे. समजा झाली, तर मालमत्ता कर, वीज, पाणी सगळं व्यापारी दरानं येईल. 45 डब्यांचा नफा त्यातच जाईल.

असे एजंट बहुतेक वेळा तिसरंच काही हातात देतात. छोट्या उद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीचा कागद देतात, जो सरकार फुकट देतं. किंवा अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक. किंवा मालमत्ता कराची व्यापारी दराची पावती. यातला कुठलाही कागद जागेच्या वापराची परवानगी नाही. कर घेतला म्हणून वापर कायदेशीर होत नाही. अन्नाची नोंदणी तुमच्याकडे असायलाच हवी, ती 14 आकडी क्रमांकाची असते आणि छोट्या व्यवसायाला वर्षाला 100 रुपयांत होते. ती स्वतःच्या नावानं, स्वतः करा. तिच्यामुळे तुम्ही अन्न विकू शकता. ते कोणत्या घरात शिजवायचं, हा प्रश्न वेगळ्या खात्याचा आहे.

वीज बिलाचंही एकदा बघून घ्या. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दराची सवलत आहे, पण वापर महिन्याला 300 युनिटच्या आणि वर्षाला 3,600 युनिटच्या आत हवा. गेल्या बारा बिलांवरचे युनिट काढून बेरीज करा. वर गेला असाल तर तक्रारीच्या आधी आपणहून जाऊन बदलून घेतलेलं बरं. नंतर सापडलं तर ‘अनधिकृत वापर’ म्हणून दुप्पट दरानं वसुली होते.

‘निम्मी इमारत करते’ याचं उत्तर राहिलं. खरं आहे, नेरूळ काय, ऐरोली काय, वागळे इस्टेटच्या मागच्या इमारती काय, दर मजल्यावर कुणी शिकवण्या घेतं, कुणी पार्लर चालवतं, कुणी ब्लाउज शिवतं. पण दुसऱ्याकडे बोट दाखवून तुमची नोटीस रद्द होणार नाही. महापालिकेचा माणूस एकदा जिना चढला की तुमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवण्यासुद्धा बघेल, आणि मग आज गप्प असलेले चारजण उद्या तुमच्याविरुद्ध हात वर करतील. त्यापेक्षा त्यांना बरोबर घ्या. सर्वसाधारण सभेपुढे एक साधा ठराव मांडता येईल: घरगुती व्यवसायांना सोसायटीची हरकत नाही, पण सकाळी सहाच्या आत यंत्र नको, जिन्यात सामान नको, डबे न्यायला येणाऱ्यांच्या गाड्या गेटबाहेर, गेटवर पाट्या नकोत. महापालिकेच्या नियमापेक्षा जास्त सूट सोसायटी देऊ शकत नाही. पण भांडण घरातल्या घरात मिटवायला असा ठराव फार उपयोगी पडतो.

आणि यातलं थोडं मोठं काम तुमच्यासारख्या सगळ्याजणींसाठी. यूडीसीपीआरमधल्या घरगुती व्यवसायाच्या व्याख्येच्या शेवटी एक वाक्य आहे: नियोजन प्राधिकरण, म्हणजे इथे महापालिका, अटी घालून आणखी अशाच प्रकारचे व्यवसाय त्यात घेऊ शकते. मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. डबे, दिवाळीचा फराळ, मसाले, लाडू ही या शहरातल्या बायकांची नेहमीची कामं, पण ती यादीत नाव घेऊन लिहा असं मागायला कुणी जात नाही. नवी मुंबईचा प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट 2022 मध्ये लोकांपुढे आला. हरकती-सूचना मागवल्या गेल्या तेव्हा मैदानं, भूखंड, आरक्षणं यांवर लोक बोलले, आणि ते बोलायलाच हवं होतं. आपण मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात होतो. नियम बदलायचा मसुदा निघाला की हरकतींची मुदत छोटी असते, जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर येते आणि निघून जाते. दहा-बाराजणींनी मिळून नगररचना विभागाला पत्र द्यायला मात्र कुठल्याही मुदतीची वाट बघायला नको. पगारी मदतनीस एक चालावी का, किती डब्यांपर्यंत चालावं, गॅस कुठला, हे आपणच आपल्या अनुभवावरून लिहावं. मागणी जितकी नेमकी, तितकी ती टेबलावरून पुढे सरकते. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून त्या पत्रावर काय झालं ते विचारता येतं.

समजा या सगळ्याच्या आधीच महापालिकेची नोटीस आली, तर ती घेऊन घरात बसू नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीत, काय काय बंद केलंत हे लिहून कळवा आणि गेट रिकामं, जिना रिकामा असे तारखेचे फोटो जोडा. आणि कधी वापरबदलाचा अर्ज केलात आणि तो नाकारला गेला, तर त्याच नगररचना कायद्याच्या कलम 47 खाली राज्य सरकारकडे अपील करता येतं, त्याची मुदत 40 दिवसांची आहे. नकाराचं पत्र हातात पडलं ती तारीख लिहून ठेवा.

सोसायटीच्या बैठकीच्या आधी एकदा काकूंकडे जाऊन या. मिस्टरांना नेऊ नका, दुपारी चारच्या सुमाराला एकट्या जा. डबा, लाडू, काही घेऊन जाऊ नका. एरवी आपण रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाही, पण या वेळी जा, नाहीतर त्यांना तो तोंड बंद करायचा प्रयत्न वाटेल. बसा, आणि सकाळी नेमकं कशानं जाग येते ते त्यांनाच विचारा: मळायच्या यंत्रानं, फोडणीच्या ठसक्यानं, जिन्यातल्या पावलांनी की डबे न्यायला येणाऱ्या मुलांच्या हॉर्ननं. त्या जे पहिलं सांगतील, ते त्याच आठवड्यात बंद करा.

मग मला कळवा, त्या काय म्हणाल्या.